‘पारंपरिक’ नावाचा गायक : रेडिओसाठी गाणी लावणारं सॉफ्टवेअर निवडताना

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज इथे यायला मला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. वाशीचा पूल ओलांडल्यापासून कळंबोलीपर्यंत आमची गाडी चालत नव्हती, सरकत होती. पण त्या उशिराने मला व्याख्यानाची सुरुवात दिली. गाडीत रेडिओ चालू होता. कामोठ्याच्या टोलनाक्याजवळ एक गाणं लागलं आणि ड्रायव्हरदादा म्हणाले, ‘‘साहेब, हे गाणं कालपण इथंच लागलं होतं. परवापण.’’ मी म्हटलं, योगायोग असेल. ते म्हणाले, ‘‘छे हो, ते गाणं लागलं की मी ओळखतो, आता पाच वाजून गेले.’’

दादांचं बरोबर असू शकतं, आणि तो योगायोग नसतो. त्यामागे साधा भागाकार असतो. समजा, एका स्टेशनने सध्याची चालणारी ३० गाणी एका गटात ठेवली आहेत आणि दर तासाला त्यातली ५ वाजवायची आहेत. गाणी ओळीने फिरतात. ३० भागिले ५, म्हणजे ६ तासांनी पहिलं गाणं परत येणार. आता २४ ला ६ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे सकाळी ११ ला लागलेलं गाणं संध्याकाळी ५ ला, रात्री ११ ला, पहाटे ५ ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी ११ ला. रोज. जो माणूस रोज पाचला त्याच रस्त्यावर असतो, त्याला त्या गटातली तीच पाच गाणी ऐकू येणार आणि उरलेली पंचवीस त्याच्या वाट्याला कधीच येणार नाहीत. यावर उपाय काय? गटात एक गाणं वाढवा. ३१ करा. मग फेरी ६ तास १२ मिनिटांची होते, आणि तेच गाणं दुसऱ्या दिवशी ४८ मिनिटं पुढे सरकतं. एका गाण्याने सुटणारा प्रश्न आहे! ही गोष्ट संगीत लावणाऱ्या माणसाला माहीत असते. नसेल, तर त्याच्या सॉफ्टवेअरला माहीत असायला हवी. ‘काल या तासाला हेच वाजलं होतं का’ एवढं ज्या सॉफ्टवेअरला विचारता येत नाही, ते मी तरी घेणार नाही.

तर आजचा विषय हा. रेडिओ स्टेशनने किंवा इंटरनेटवर रेडिओ चालवणाऱ्याने गाणी लावणारं, म्हणजे दिवसभराचा क्रम बसवून देणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं. विषय तांत्रिक वाटतो, मला कल्पना आहे. पण मी त्याच्याकडे समीक्षा म्हणूनच बघणार आहे. पुस्तकाची समीक्षा करतो तशी अवजाराचीही करता येते. पुस्तकाला विचारतो तेच विचारायचं : बाबा रे, तू जग कसं समजतोस?

आधी एक फरक. गाणं प्रत्यक्ष वाजवणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि क्रम बसवणारं वेगळं. पहिलं म्हणजे हलवाई, दुसरं म्हणजे ज्याने पंगतीत काय कधी वाढायचं ते ठरवलं तो. आपल्याकडे बऱ्याच जणांची गल्लत इथेच होते. वाजवणारं फुकट मिळालं, त्यात ‘यादृच्छिक’ असं बटण दिसलं, झालं आमचं काम! पण ते बटण पुढचं गाणं आयत्या वेळी उचलतं. क्रम बसवणारं सॉफ्टवेअर उद्याचा सगळा दिवस आज लिहून देतं. त्याचा मोठा फायदा असा, की तो कागद आज संध्याकाळी कुणीतरी वाचू शकतं. आकाशवाणीत ज्यांनी काम केलं आहे त्यांना क्यू शीट आठवत असेल. ती आधी तयार असायची, तिच्यावर कुणीतरी नजर टाकायचं. शोकप्रसंग असेल तर उडतं गाणं काढलं जायचं. आयत्या वेळी उचलणाऱ्या यंत्राला शोकप्रसंग कळत नाही.

आता हे सगळं आलं कुठून? अमेरिकेतून. १९५०च्या दशकात तिकडे दूरचित्रवाणीने रेडिओचे श्रोते पळवले. तेव्हा टॉड स्टॉर्झ नावाच्या ओमाहाच्या एका रेडिओवाल्याच्या लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात, की हॉटेलात लोक ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून तीच-तीच गाणी पुन्हा ऐकतात. मग रेडिओनेही तेच करायचं ठरवलं. थोडी गाणी, पण सारखी. ती फिरवायची कशी? तर पुठ्ठ्याच्या कार्डांचं खोकं. प्रत्येक गाण्याचं एक कार्ड. निवेदकाने पुढचं कार्ड काढायचं, गाणं लावायचं, कार्ड मागे सरकवायचं. बस. पुढे १९७९ साली अँड्र्यू इकॉनॉमस यांनी आरसीएस ही कंपनी काढली आणि ‘सिलेक्टर’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. १९८३ पासून ‘म्युझिकमास्टर’ आहे. ही दोन नावं आजही या धंद्यात मोठी आहेत. सॉफ्टवेअरने काय केलं? ते कार्डांचं खोकं संगणकात घातलं, आणि त्याला नियम जोडले. हे गाणं इतक्या तासांत परत नको. हाच गायक इतक्या मिनिटांत परत नको. दोन संथ गाणी लागोपाठ नकोत.

माझं आजचं सगळं म्हणणं त्या कार्डावर आहे, आणि कार्डावरच्या एका रकान्यावर. तो रकाना म्हणजे ‘कलाकार’. अमेरिकी हिट रेडिओत तो प्रश्नच नसतो. गाणं एका गायकाचं किंवा एका बँडचं असतं, तोच चेहरा, तोच आवाज, तेच नाव कव्हरवर. आपल्याकडे ‘कलाकार’ म्हणजे कोण?

१९४९ सालचा ‘महल’ आठवा. त्यातल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा आली, हा आवाज कुणाचा, आणि मग लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. म्हणजे त्या काळी कुणी कार्ड भरलं असतं तर कलाकाराच्या रकान्यात पडद्यावरचं एक पात्र बसलं असतं. पुढे १९५२ च्या सुमारास माहितीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, असं ठरवलं. गायकाचं नाव सांगायचं, चित्रपटाचं नाही. निर्माते चिडले, गाणी काढून घेतली, आणि आपल्या घरातले रेडिओ सिलोनकडे वळले. बघा, एका रकान्यावरून केवढं रामायण!

आज तुम्ही जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचं वेब रेडिओ स्टेशन काढलंत आणि परदेशी सॉफ्टवेअरमध्ये नियम घातलात, की एकच कलाकार ९० मिनिटांत पुन्हा नको. काय होईल? स्त्री-आवाजातली गाणी काढा, त्यातली लताबाई आणि आशाबाईंची बाजूला ठेवा आणि उरलेल्यांवर दिवस काढून दाखवा. नाही निघत. यंत्र अडतं. अडल्यावर ते काय करतं, यावरून मी सॉफ्टवेअरची पारख करतो. काही सॉफ्टवेअर गुपचूप नियम मोडून गाणं बसवतात आणि तुम्हाला कळवतही नाहीत. काही तिथे जागा रिकामी सोडतात आणि म्हणतात, मला जमलं नाही, तुम्ही बघा. विकायला आलेला माणूस हे दुसरं कधी दाखवत नाही, कारण पडद्यावर रिकामी जागा वाईट दिसते. मला विचाराल तर रिकामी जागा सोडणारंच प्रामाणिक. म्युझिकमास्टरमध्ये कोणता नियम मोडला तरी चालेल आणि कोणता अजिबात नाही, हे वेगवेगळं सांगता येतं. ही मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

शिवाय आपल्याला अंतर फक्त गायकाचं नको असतं. संगीतकाराचं हवं. लागोपाठ चार गाणी वेगवेगळ्या गायकांची, पण चारही एकाच संगीतकाराची आली, तर आपल्या कानाला ते लगेच कळतं. त्याच चित्रपटातली दोन गाणी पाठोपाठ आली तर कळतं. गीतकार सगळ्यांना कळत नाही, पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना कळेल. (हशा) म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न : रकाने आम्हाला वाढवता येतील का, आणि वाढवलेल्या रकान्यावर नियम लावता येईल का? नुसता रकाना वाढवून उपयोग नाही. माहिती साठवून ठेवायला वही पुरते. युगुलगीताला दोन गायक असतात, ते दोन्ही वेगळे मोजले जातात का, की ‘अमुक आणि तमुक’ असा तिसराच गायक तयार होतो? हे विचारा. बऱ्याच ठिकाणी तिसराच तयार होतो.

तिसऱ्यावरून आठवलं. मी एका छोट्या स्टेशनची यादी साफ करायला गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथे एका गायिकेचे सात अवतार होते. एक देवनागरीत पूर्ण नाव, एक नुसतं पहिलं नाव, एक रोमनमध्ये, एक रोमनमध्येच पण वेगळ्या स्पेलिंगने, एकात नावाआधी ‘गायिका :’ असं लिहिलेलं, एकात शेवटी मोकळी जागा, आणि सातव्यात नुसती प्रश्नचिन्हं, कारण जुन्या फाइलमधल्या देवनागरीचं पुढच्या सॉफ्टवेअरने पीठ केलं होतं. यंत्राच्या लेखी त्या सात गायिका. ते आपलं इमानाने अंतर राखतंय आणि तासात तोच आवाज पाच वेळा येतोय! स्टेशनवाले सॉफ्टवेअरला शिव्या देत होते.

मराठीची आणखी एक खोड आहे. दर्या आणि दऱ्या. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. हा दुसरा, पापणीसारखा र, संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका पद्धतीत त्याला स्वतःचं अक्षर आहे, दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलंत आणि एक न दिसणारी जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखे. यंत्राला वेगळे. म्हणजे ‘वाऱ्या’ने सुरू होणारं गाणं दोघांनी दोन कळफलकांवर नोंदवलं, की ती दोन गाणी झाली, आणि ‘हे गाणं चार तासांत परत नको’ हा नियम गेला वाऱ्यावर. तुमच्या यादीत अशी पाच गाणी घाला आणि चाचणी घ्या. विक्रेता गोंधळेल, पण चाचणी अर्ध्या तासात होते.

आता मी ज्यासाठी पनवेलला हा विषय निवडला तिथे येतो.

आपण आगरी-कोळ्यांच्या मुलखात बसलो आहोत. पनवेल, उरण, अलिबाग. इथे लग्नात धवला गातात. धवलारीण बाई गाते आणि तिच्या गाण्याने लग्नाचे विधी पुढे सरकतात. तिथे गाणं सजावटीला नसतं, लग्नाचं कामच त्याच्यावर चालतं. कोळीगीतं आहेत, एकवीरेची गाणी आहेत, नारळी पौर्णिमेची आहेत. यातली काही कॅसेटच्या काळात नावानिशी आली. ‘वेसावकर आणि मंडळी’ म्हटलं की महाराष्ट्रभर कळतं. पण गावात कुणी टेपवर, आता मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली जी गाणी आहेत, त्यांच्या कार्डावर कलाकार म्हणून काय लिहिलेलं असतं? ‘पारंपरिक’. नाहीतर ‘अज्ञात’. नाहीतर ‘लोकगीत’.

यंत्राला वाटतं, पारंपरिक हा एक गायक आहे. फारच कष्टाळू गायक! कोळीगीतही तोच गातो, धवलाही तोच, ओवीही तोच, भारूडही तोच. आणि नियम तर आहेच, एका तासात एक गायक एकदाच. आता हिशोब करा. समजा तुमच्या संग्रहात १००० गाणी आहेत, त्यातली २०० पारंपरिक. म्हणजे पाचातलं एक. तासाला १२ गाणी वाजत असतील, तर त्यांच्या वाट्याला सरासरी दोन-अडीच यायला हवीत. येणार जास्तीत जास्त एक. बारातलं एक, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. वीस टक्क्यांचं आठ टक्के झालं, आणि ते कुणी ठरवलं नाही. बैठकीत कुणी म्हणालं नाही, की लोकगीतं कमी करा. उलट सगळे म्हणाले असतील, आपली माती, आपली गाणी. पण एका रकान्यात एक शब्द पडला आणि एका नियमाने बाकीचं काम केलं.

यात आणखी एक भर. हिट रेडिओत गाण्यांचे गट लोकप्रियतेवर पडतात. सगळ्यात गाजणारी वरच्या गटात, दिवसातून अनेकदा. उतरती लागलेली खालच्या गटात. लोकप्रियता कशी मोजतात? श्रोत्यांना गाण्यांचे तुकडे ऐकवून गुण घेतात, किंवा इंटरनेटवर किती वाजतं ते बघतात. धवल्याला गुण कोण देणार? त्याचा रकाना रिकामा, आणि रिकाम्याचा अर्थ अनेक ठिकाणी शून्य. म्हणून ती गाणी रात्री दोनच्या गटात जाऊन पडतात. रात्री दोनला धवला कोण ऐकतो? पहारेकरी.

तुम्ही म्हणाल, सामुदायिक रेडिओ असेल तर तसं होणार नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळाली. त्यात किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत अशी अट आहे, आणि स्थानिक भाषेला, बोलीला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे. अट चांगलीच आहे. पण १०० वॅटच्या अशा स्टेशनमध्ये काम करतात दोन-तीन पगारी माणसं आणि बाकी स्वयंसेवक. त्यांनी फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, त्यातले तयार नियम तसेच ठेवले, की कागदावरची अट कागदावर राहते आणि हवेतला क्रम ओमाहाच्या ज्यूकबॉक्सचा असतो.

एक मात्र मान्य करायला हवं, नाहीतर मी यंत्राचा वैरी आहे असं वाटेल. यंत्र नव्हतं तेव्हा सगळं न्याय्य होतं का? अजिबात नाही. रात्रपाळीच्या पोराला आवडणारी पंधरा गाणी म्हणजे स्टेशन, असंही मी पाहिलं आहे. माणसाची आवड हाही एक नियमच असतो, फक्त तो लिहिलेला नसतो. सॉफ्टवेअरचा गुण हाच, की त्याचा नियम वाचता येतो आणि बदलता येतो. माझी तक्रार न वाचता घेण्याबद्दल आहे.

बरं, मग कोणतं घ्यावं? जे मला माहीत आहे तेवढं बोलतो.

सिलेक्टर आणि त्याची पुढची आवृत्ती जीसिलेक्टर ही मोठ्या स्टेशनांची साधनं आहेत. आरसीएस कंपनी २००६ मध्ये क्लिअर चॅनलने विकत घेतली, जी आज आयहार्टमीडिया म्हणून ओळखली जाते. म्हणजे शेकडो स्टेशनं चालवणाऱ्या कंपनीचं हे अवजार. जीसिलेक्टरचा विचार असा, की गट आणि फेऱ्या यांच्यापेक्षा प्रत्येक गाण्याला किती ‘मागणी’ आहे ते सांगा, मी वाटप करतो. कल्पना हुशार आहे. पण मागणी कुठून आणणार? ज्याच्याकडे श्रोत्यांची चाचणी घेण्याचे पैसे आहेत, त्याला ठीक. छोट्या स्टेशनला तिथे अंदाजे आकडे भरावे लागतात, आणि अंदाजे भरलेले आकडे पुढे वेदवाक्य होतात.

म्युझिकमास्टरचं मला कौतुक आहे ते रकान्यांसाठी. तुमचे रकाने तुम्ही ठरवा, त्यांवर नियम तुम्ही लावा. संगीतकार, गीतकार, चित्रपट, राग, बोली, गाव. पण ते शिकायला वेळ लागतो, आणि जो शिकतो तो स्टेशन सोडून गेला की मागे राहिलेल्याला त्या नियमांचा अर्थ लागत नाही. नियम घातला की शेजारी ‘हा का घातला’ हे मराठीत लिहून ठेवा. कुणी लिहीत नाही.

फुकटच्यांत रिव्हेंडेल आहे, लिनक्सवर चालतं. ते मुळात अख्खं स्टेशन चालवण्याचं साधन, पण त्यात गाण्याचं आणि कलाकाराचं अंतर सांगता येतं, गाण्यांना खुणा लावता येतात. दिसायला रुक्ष. लिनक्स जाणणारा कुणी घरचा असेल तर खुशाल घ्या. लिब्रेटाइम आहे, ते २०१७ मध्ये एअरटाइमपासून फुटून निघालं. ते ब्राउझरमधून चालतं, त्यामुळे तीन गावांतले तीन स्वयंसेवक आपापला तास घरून भरू शकतात. सामुदायिक स्टेशनला ही फार मोठी सोय. पण त्याचा भर निकषांवर गाणी उचलण्यावर आहे, दिवसभराचा तोल राखण्यावर नाही. वेब रेडिओसाठी अझुराकास्ट बसवायला सोपं आहे. इतकी मिनिटं मागे वळून बघ आणि तेच गाणं, तोच कलाकार टाळ, असं त्याला सांगता येतं. आणि हो, तिथेही ‘पारंपरिक’ हा कलाकारच, तेव्हा सांगितलेला घोळ तिथेही. रेडिओडीजे विंडोजवर, मोफत, आणि एका माणसाच्या स्टेशनला पुरेसं.

या सगळ्यांत एक गोष्ट कुणाकडेच मला दिसली नाही, ती म्हणजे पंचांग. गाण्याला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं बांधता येतं, पण तारीख इंग्रजी. गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२३ मध्ये तर अधिक श्रावण होता. श्रावणातली गाणी अधिकात लावायची की निजात, यावर दोन माणसांची तीन मतं असतात! आपल्या रेडिओला हे नवं नाही. गीतरामायण आठवा. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं. शुक्रवारी नवीन गीत, शनिवार-रविवारी सकाळी पुन्हा तेच. वर्षाची ५२ गीतं ठरली होती. पण शेवट पुढच्या रामनवमीला करायचा, आणि मध्ये अधिक महिना आला. म्हणून गदिमा आणि बाबूजींची गीतं झाली ५६. म्हणजे मराठी रेडिओच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेची लांबी पंचांगाने ठरवली. आज ते काम करायचं तर दर वर्षी गुढीपाडव्याला पंचांग घेऊन बसायचं आणि सणांच्या तारखा हाताने भरायच्या. एका दुपारचं काम आहे. एकवीरेच्या चैत्रातल्या यात्रेची गाणी यात्रा संपल्यावर वाजू लागली तर श्रोता एवढंच म्हणतो, यांना काही माहीत नाही. पुन्हा तो तुमचं स्टेशन लावत नाही.

वेब रेडिओवाल्यांना कायद्याचं थोडक्यात. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात प्रसारकांसाठी वैधानिक परवान्याचं कलम ३१ डी आलं. २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू नाही असं म्हटलं. म्हणजे हक्कधारकांशी बोलूनच परवाना घ्यावा लागतो. त्यांना हिशोब द्यावा लागतो, आणि हिशोब म्हणजे काय वाजलं त्याची यादी. सॉफ्टवेअरमधून ती नीट बाहेर काढता येते का, हे घेण्याआधी बघा. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी तर वेगळीच गंमत. तिथल्या वैधानिक परवान्यावर वेब रेडिओ चालवायचा तर तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे रामनवमीला सलग गीतरामायण लावायला तो परवाना आड येतो. सॉफ्टवेअर तिथे ‘नियमात बसत नाही’ म्हणतं ते बरोबर म्हणतं, त्याच्यावर चिडू नका.

मी थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

*प्रश्न : हल्ली मोबाइलवरचं ॲपच आपल्या आवडीची गाणी लावतं. मग रेडिओने हा खटाटोप का करायचा?*

ॲप तुमच्यासाठी लावतं. एकट्यासाठी. चहाच्या टपरीवर रेडिओ लागतो तेव्हा टपरीवाला, हमाल, कॉलेजची पोरं, सगळे एकच गाणं ऐकतात. तिथे ‘तुमची आवड’ असं काही नसतं. जुन्या रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या ठोक्याआधी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम संपायचा तो सैगलच्या गाण्यावर. रोज. सगळ्यांनाच सैगल आवडत होता असं नाही. पण सैगल लागला की आठ वाजायला आले, हे सगळ्या घराला कळायचं, पोरं दप्तर शोधायला पळायची. आमच्या ड्रायव्हरदादांसारखंच की. फरक इतकाच, की तो सैगल कुणीतरी मुद्दाम लावत होतं.

*प्रश्न : आम्ही दोघे मित्र पनवेलमधूनच वेब रेडिओ सुरू करतोय. आठशेएक गाणी आहेत, पैसे नाहीत. नेमकं काय करू?*

अझुराकास्ट घ्या. पण बसवण्याआधी ती आठशे गाणी एका तक्त्यात उतरवा. नावं एकाच लिपीत, एकाच पद्धतीने, दोघांपैकी एकानेच. दोघांनी केलंत तर दोन पद्धती होतात. संगीतकार आणि चित्रपट वेगळे रकाने. आणि कलाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ हा शब्द एकदाही लिहायचा नाही. गाणारीचं नाव माहीत नसेल तर गाव लिहा. ‘चिरनेर, स्त्रिया’, ‘करंजा, पुरुष’, असं काहीही चालेल. यंत्राला ते वेगळे गायक वाटतील, आणि ते खरंही आहे. तो तक्ता तुमचा. उद्या सॉफ्टवेअर बदललंत तरी तो बरोबर येईल.

*प्रश्न : धवला फार लांब असतो. अर्धा-पाऊण तास. तो तुमच्या बारा गाण्यांच्या तासात कसा बसणार?*

नाही बसणार. आणि तो तीन-तीन मिनिटांचे तुकडे करून बसवू नये असं मला वाटतं, कारण तुकड्यात हळद कुठे आणि पाठवणी कुठे काहीच कळत नाही. काही स्टेशनं करतात, मी त्यांना दोष देत नाही. पण त्याला वेगळा वेळ द्या. आठवड्यातून एकदा, लग्नसराईत दोनदा. तेवढा वेळ सॉफ्टवेअर बंद ठेवा. तास मोकळा ठेवायची सोय सगळ्यांत असते. आणि गाणाऱ्या बाईंना आधी फोन करून विचारा, आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे, लावू का, आणि तुमचं नाव काय सांगू.